रेडिओहेडचा पुढचा अल्बम कसा असावा? उदास, रागीट की चक्क खुशीतला?

सुरमंडळ
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आपला लाडका ब्रिटिश रॉक बँड रेडिओहेड सात वर्षांनी स्टेजवर आला, माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन, बर्लिन, प्रत्येक ठिकाणी चार शो, स्टेज मधोमध आणि पब्लिक चारी बाजूंनी. वाजवलं मात्र सगळं जुनंच. शेवटचा अल्बम 'अ मून शेप्ड पूल', मे २०१६ चा. नव्या अल्बमची घोषणा तेव्हा बँडने केली नव्हती, पण आपल्याला मनातल्या मनात मांडे खायला कोण अडवतंय?

तर गाणी किती, प्रोड्युसर कोण, कव्हर कसलं हे सगळं बाजूला ठेवून सांगा, नवा अल्बम लावल्यावर खोलीतली हवा कशी व्हावी असं तुम्हाला वाटतं?

माझं आधी सांगतो. 'मून शेप्ड पूल' मला जाम आवडतो पण तो संपला की उठून काही करावंसंच वाटत नाही. शेवटचं 'ट्रू लव्ह वेट्स' बघा, हे गाणं १९९५ पासून बँडचा गायक थॉम यॉर्क स्टेजवर गिटार घेऊन म्हणायचा, तेव्हा त्यात हट्ट होता, अजिजी होती, समोरचा थांबेल अशी आशा होती, आणि स्टुडिओ अल्बमवर यायला २०१६ उजाडलं तेव्हा नुसता पियानो, आणि गाणारा माणूस उत्तर कळल्यासारखा गातोय. याच्या पुढे अजून उदास कुठे जाणार राव? जागाच उरलेली नाहीये. म्हणून मला ऊब हवीये. त्यांच्या 'इन रेनबोज' अल्बमची कॉपी नको, पण पाच माणसं एका खोलीत बसून एकमेकांकडे बघत वाजवतायत एवढं कानाला कळलं पाहिजे.

निशाचर०७
पहिला मी.

आणि कडाडून विरोध :) आनंदी गाणी ऐकायची तर दुनियेत बाकीचे बँड मेलेत का? मी रेडिओहेडकडे जातो ते उदास व्हायलाच जातो.

शिवाय उदास ऐकलं की माणूस खाली जातो हे मला पटतच नाही. 'लेट डाउन' घ्या. १९९७ च्या 'ओके कंप्युटर'मधलं गाणं, तेव्हा धड सिंगल म्हणूनही काढलं नाही, आणि २०२५ मध्ये टिकटॉकवरच्या पोरांनी ते उचललं आणि अमेरिकेच्या हॉट १०० या टॉप गाण्यांच्या यादीत आणून बसवलं, अठ्ठावीस वर्षांनी! माद्रिदला पहिल्या रात्री सुरुवातही त्यानेच केली. आता ते गाणं काय खुशीतलं आहे का? शब्द बघाल तर पार मोडलेल्या माणसाचे. पण शेवटच्या मिनिटात थॉमचे दोन आवाज एकावर एक चढत जातात, खालून गिटार टिपटिप चालूच, आणि आपण कधी वर उचलले गेलो तेच समजत नाही. मला नव्या अल्बममध्ये हेच पाहिजे, बारा वेळा.

जुनंखोड
धागा छान. पण पोरांनो, फॅन लोकांनी काय हवं ते म्हणावं आणि या पाच जणांनी नेमकं उलटं करावं ही परंपरा आहे, तेव्हा सांभाळून मागा.

'ओके कंप्युटर' नंतर अख्ख्या जगाला गिटारचा अजून मोठा, अजून भव्य अल्बम पाहिजे होता. तेव्हा थॉमची अवस्था अशी की टूरने पिळून काढलेला, गाणं लिहायला बसला की सुचेना, गिटारचा आणि स्वतःच्या आवाजाचा वीट आलेला, मग पॅरिस झालं, कोपनहेगन झालं, ग्लॉस्टरशरमधला एक वाडा झाला, शेवटी ऑक्सफर्डमध्ये स्वतःचा स्टुडिओ झाला, एवढं फिरून २००० साली हातात काय दिलं तर 'किड ए'. सिंगल नाही, नेहमीसारखे व्हिडिओ नाहीत, पहिलंच गाणं सिंथवर, आवाज तुकडे करून चिकटवलेला. लोक चक्रावले. मीही पहिल्यांदा सीडी खराब आहे का ते बघितलं होतं. तरीही अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेला आणि आज त्याला नावं ठेवणारा शोधून सापडत नाही.

त्यामुळे सुरमंडळ, तुम्ही ऊब मागितलीत ना, आता ते बर्फ देणार बघा.

तालभंग
रोमात (नुसती वाचत) होते, पण हा धागा बघून राहवेना. मी ड्रम वाजवते (बरी वाजवते एवढंच म्हणते), त्यामुळे माझं बोलणं त्याच बाजूने येणार, समजून घ्या.

तुम्ही सगळे उदास-आनंदी यावर अडलायत, पण मला वाटतं या बँडचा मूड थॉमच्या शब्दांवर ठरतच नाही, शब्द तर तीस वर्षं साधारण त्याच काळजीचे आहेत. मूड ठरतो तो रेकॉर्डिंग कसं केलं त्यावर. आणि याचा पुरावा त्यांनी स्वतःच ठेवलाय. २०११ चा 'द किंग ऑफ लिम्ब्ज' घ्या. तो अल्बम त्यांनी आपल्याच वाजवण्याचे तुकडे उचलून (सॅम्पल करून), फिरवून, तेच तेच वाजणारे लूप एकावर एक रचून केला, सदतीस मिनिटांचा, आणि बहुतेकांना तो कोरडा वाटला. पण त्याच वर्षी तीच गाणी त्यांनी 'फ्रॉम द बेसमेंट' या लाइव्ह संगीताच्या कार्यक्रमासाठी वाजवली. लूप हाताने वाजवायचे म्हणजे एका ड्रमरचं काम नाही, म्हणून फिल सेलवेच्या जोडीला पोर्टिसहेड या बँडबरोबर वाजवणारा क्लाइव्ह डीमर आणून बसवला. 'ब्लूम' दोन्हीकडचं लागोपाठ ऐका. रेकॉर्डवर ताल स्वतःच्याच शेपटीमागे गोल फिरतो आणि थॉमचा आवाज त्यावर अधांतरी. बेसमेंटमध्ये दोन ड्रमर एकमेकांच्या फटी भरतायत, एक जण किंचित मागे रेलतो की दुसरा सावरून घेतो, खाली कॉलिन ग्रीनवुडचा बेस, आणि तेच शब्द, तीच चाल एकदम हिरवीगार होते!

तेव्हा मला काय हवंय तर क्लिक ट्रॅक (कानात टिकटिकणारा मशीनचा ठेका) कमी, फिलला जागा जास्त. मग गाणी रडकी असली तरी हरकत नाही.

निशाचर०७
तालभंग ताई, मुद्दा मान्य, पण मग 'किड ए'मधल्या 'आयडिओटेक'चं काय? ड्रम मशीनच आहे की ते, आणि त्याच्याइतकी भीती दुसऱ्या कशाने वाटत नाही.

तालभंग
अहो तेच तर म्हणतेय. मशीन ठेवलं म्हणून भीती वाटली. मला आत्ता भीती नकोय. वर्तमानपत्र आहे त्याला.

पंचमस्वर
मी जरा वेगळ्या घराण्यातला, माझे कान शास्त्रीयवर तयार झालेले, रॉक उशिरा आलं आयुष्यात. पण मारवा ऐकणाऱ्या माणसाला रेडिओहेड पटकन लागतो असा माझा अनुभव आहे. मारव्यात षड्ज लांबवत लांबवत नेतात, रिषभ-धैवतावर अडकवून ठेवतात, घर समोर दिसतंय पण आत जाऊ देत नाहीत. 'पिरॅमिड साँग' तसंच. पियानोचे कॉर्ड अशा अंतरावर पडतात की सम कुठे आहे ते सापडत नाही, फिलचे ड्रम आले की मग जमीन लागते. आणि त्या गाण्याची तार-वाद्यं ऑक्सफर्डशरमधल्या डॉर्चेस्टर अ‍ॅबीत, म्हणजे जुन्या दगडी चर्चमध्ये रेकॉर्ड केलीत, ती हवा ऐकू येते त्यात.

माझी मागणी अशी की उदास असो, रागीट असो, अल्बमने मला लगेच षड्जावर आणून सोडू नये. तंगवावं. 'मून शेप्ड पूल'मध्ये मला तेच थोडं कमी पडलं, फार लवकर सांत्वन करायला येतो तो अल्बम.

सुरमंडळ
पंचमस्वर, सांत्वन?? त्या अल्बमात? कुठल्या गाण्यात हो?

पंचमस्वर
तार-वाद्यांत. बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुडच्या हातात लंडन कंटेम्पररी ऑर्केस्ट्रा आली की तो रुमाल घेऊन धावत येतो. अपवाद 'बर्न द विच'. त्यात वादकांना गजाऐवजी गिटारची प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) दिलेली, त्याने व्हायोलिन-चेलो खरवडल्यासारखे वाजवलेत, म्हणून सुरुवातीपासून अंगावर काटा येतो. ते मला चालेल. पूर्ण अल्बम तसा चालेल.

कर्कश्श
कोणीच राग मागत नाहीये? मी मागतो. 'हेल टू द थीफ' सारखा. २००३ सालचा, बराचसा लॉस एंजेलिसमध्ये दोन आठवड्यांत उरकला, दिवसाला जवळपास एक गाणं, फार घासत बसायचं नाही. आवाज बघा त्याचा, केबल खोचल्याची खरखर ठेवलीये पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला. थॉम स्वतः नंतर त्यावर नाखूष होता, २००८ मध्ये चार गाणी उडवून वेगळीच यादी साइटवर टाकली होती. पण परवा, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये, त्याच अल्बमची २००३ ते २००९ मधली लाइव्ह रेकॉर्डिंग बाहेर काढली, त्याच अल्बमच्या गाण्यांवर बेतलेल्या हॅम्लेटच्या नाटकासाठी जुन्या टेप धुंडाळताना त्यालाच धक्का बसला म्हणे की आपण एवढ्या त्वेषाने वाजवायचो. ऐकलं नसेल तर ऐका. माणसाला आपली जुनी ऊर्जा ऐकून हुरूप आला असेल तर पुढचा अल्बम तिकडे जाईल अशी माझी वेडी आशा.

आणि जग काय शांत झालंय का २००३ नंतर? त्यांनी आता मऊ मऊ अल्बम काढला तर मला खोटं वाटेल.

जुनंखोड
कर्कश्श, साठीकडे झुकलेल्या माणसांकडून त्वेष मागताय. गुडघ्यांचा विचार करा.

कर्कश्श
काका त्वेष घशातून येतो, गुडघ्यातून नाही. (आणि हो, कोपनहेगनचे दोन शो घशाच्या इन्फेक्शननेच पुढे ढकलावे लागले होते, माहितीये, कोणी सांगायला येऊ नका.)

वाटसरू_२
माझं अलोकप्रिय मत: काढूच नये अल्बम.

चिडू नका, कारण ऐका. नव्या गाण्यांची भूक थॉम आणि जॉनीने 'द स्माइल' या आपल्या दुसऱ्या बँडमध्ये भागवून घेतली. २०२२ मध्ये एक अल्बम, जानेवारी २०२४ मध्ये दुसरा, त्याच वर्षी ऑक्टोबरात तिसरा. 'स्कर्टिंग ऑन द सरफेस' हे रेडिओहेडने २०१२ च्या टूरवर वाजवलेलं गाणं, तेसुद्धा शेवटी स्माइलच्या पहिल्या अल्बमात गेलं. म्हणजे चांगली जुनी शिल्लकही तिकडे खर्च होतेय. टॉम स्किनरसारखा जॅझमधून आलेला ड्रमर मिळाल्यावर दोघं तरुण झाल्यासारखे वाजवतात. मग रेडिओहेडच्या नावाखाली उरेल काय? आदराने केलेला, नीटनेटका, कुणाला न दुखावणारा अल्बम. तो मूड मला सगळ्यात जास्त नकोय.

तालभंग
नीटनेटका नको याला अनुमोदन. बाकीच्याला नाही.

स्माइल मला आवडतो, स्किनर तर फारच, पण त्यात तिघंही हुशार आहेत आणि हुशारी ऐकू येते. रेडिओहेडमध्ये दुसरा गिटारवाला एड ओब्रायन आहे. एड काय करतो विचारलं तर पटकन सांगता येत नाही, पेडलवर वाकलेला असतो, मागे कुठेतरी धूसर आवाज लांबवत असतो, कोरसमध्ये दुसरा आवाज देतो. तो काढून बघा मनातल्या मनात, 'इन रेनबोज' अर्धा पडतो. ऊब ऊब म्हणतायत ना सुरमंडळ, त्यातली निम्मी एडची आणि कॉलिनची आहे. या दोघांना स्माइलमध्ये जागा नाही. म्हणून अल्बम काढावा.

वाटसरू_२
हम्म. एडचा मुद्दा चांगला आहे. तरी भीती जात नाही.

सुरमंडळ
>> त्यातली निम्मी एडची आणि कॉलिनची आहे

हेच मला म्हणायचं होतं पण सांगता येत नव्हतं. 'इन रेनबोज'ची गोष्ट तरी काय, २००५ मध्ये दुसरा प्रोड्युसर घेऊन सुरू केलं, जमेना, मग २००६ मध्ये सरळ टूरवर निघाले आणि अर्धवट गाणी लोकांसमोर वाजवून वाजवून मऊ केली, मग त्यांचा नेहमीचा प्रोड्युसर नायजेल गॉडरिच परत आला आणि विल्टशरमधल्या एका पडक्या वाड्यात जाऊन पुन्हा बसले. ऑक्टोबर २००७ मध्ये आला तेव्हा जगभर चर्चा कशाची तर तुम्हाला वाटेल ती किंमत द्या याची. गाण्यांबद्दल लोक नंतर बोलायला लागले. पण गाणी तशी झाली ती टूरमुळे. 'न्यूड' तर नव्वदच्या दशकापासून पडून होतं, त्याला बेसची ती चाल मिळाली आणि मग कुठे ते उभं राहिलं.

म्हणून २०२५ च्या टूरवर नवीन गाणं आलं नाही याचं मला खरं तर वाईट वाटलं. पब्लिकसमोर शिजलेली गाणी यांना लाभतात.

नवी_मुलगी
मी लेट डाउनवालीच आहे, टिकटॉकवरूनच आले, हसा :P मला सांगा ना पुढचा अल्बम येईपर्यंत काय ऐकू? 'ओके कंप्युटर' पाठ झालाय.

निशाचर०७
हसतंय कोण. दार कुठलं का असेना, आत आलीस ना.
'मून शेप्ड पूल' ऐक, रात्री, दिवे घालवून.

कर्कश्श
नको ऐकूस. 'हेल टू द थीफ', दिवसा, दिवे लावून.

तालभंग
दोघांचं ऐकू नकोस. 'इन रेनबोज' लाव आणि थेट 'रेकनर'वर जा. पहिल्या सेकंदापासून झांजा, शेकर, टॅम्बोरिन सगळं एकदम ओतल्यासारखं येतं आणि तोच गाण्याचा कणा आहे, गिटार त्यावर नुसती हात फिरवतेय. मधे ड्रम जवळपास गायब होतात, आवाज आणि तार-वाद्यं उरतात, तेव्हा घाई करू नकोस, ताल परत येतो तेव्हा पोटात काय होतं ते बघ. मग मी वर सांगितलेलं 'ब्लूम' दोन्हीकडचं ऐक आणि येऊन सांग.

जुनंखोड
शेवटच्या गाण्यावर कोणीच बोललं नाही अजून. माझ्या मते या बँडच्या अल्बमची चव शेवटच्या गाण्यावर ठरते. 'किड ए'चं शेवटचं गाणं पेटी आणि हार्पच्या आवाजात थेट स्वर्गात नेऊन सोडतं, 'इन रेनबोज' तर मृत्यूपाशी येऊन थांबतो. सगळ्यात मोकळं शेवटचं गाणं कुठलं असेल तर 'सेपरेटर', तेच तुम्ही कोरडा म्हणता त्या 'किंग ऑफ लिम्ब्ज'चं. झोपेतून जाग आल्यासारखं. आणि फॅन लोकांनी काय केलं? त्यातल्या एका ओळीवरून शोध लावला की अल्बम संपलेला नाही, दुसरा भाग येणार! महिनोन्महिने वाट बघत बसले. आला नाही. सुखात संपलेलं गाणं सुखाने ऐकवलं नाही आपल्याला.

मला शेवट 'सेपरेटर'सारखा हवा. आधीची सगळी गाणी तुम्ही आपसात वाटून घ्या.

निशाचर०७
काका तुम्ही आल्यापासून सगळ्यांना उडवताय आणि शेवटी हळूच गोड शेवट मागून गेलात, पकडलं बरं का.

जुनंखोड
वयाचा फायदा घेतला.

पंचमस्वर
'लिफ्ट' आठवलं या निमित्ताने. 'ओके कंप्युटर'च्या वेळचं गाणं, १९९६ मध्ये लाइव्ह वाजवलं की लोक उसळायचे, आणि बँडने तेच बाजूला ठेवलं, २०१७ मध्ये जुन्या सामानासोबत बाहेर काढलं. एड मागे म्हणाला होता की ते अल्बमात असतं तर आम्ही वेगळ्याच ठिकाणी पोचलो असतो, खप कितीतरी वाढला असता. म्हणजे खुशीतलं गाणं यांना करता येत नाही असं नाही. येतं, आणि आलं की ते दचकतात.

आता दचकायचं कारण उरलेलं नाही. कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही, खपाची चिंता नाही. त्या अर्थाने सुरमंडळांची ऊब शक्य आहे असं मलाही वाटायला लागलंय. फक्त षड्ज उशिरा, एवढं लक्षात ठेवा म्हणावं.

कर्कश्श
मी राग सोडत नाहीये. एक तरी गाणं, चार मिनिटांचं, केबल खरखरणारं. बाकी करा तुमचं हिरवंगार.

नवी_मुलगी
आले ऐकून! 'रेकनर' भयंकर भारी, ड्रम परत आले तेव्हा खरंच पोटात काहीतरी झालं.

पण तालभंग ताई रागावू नका, 'ब्लूम' मला रेकॉर्डवरचंच जास्त आवडलं. बेसमेंटवालं छान आहे पण त्यात सगळे बरे आहेत असं वाटतं. रेकॉर्डवर तो एकटाच पडलाय आणि मला ते बघत राहावंसं वाटलं.

तालभंग
अरे देवा. तू निशाचरच्या पार्टीतली निघालीस.

निशाचर०७
ये गं ये. जागा भरपूर आहे इकडे.